कच्चे लिंबू आणि सोंगाड्या : भूमिकाखेळातील नवागताची भाषा

१

खेळाचे नियम आणि खेळाची भाषा या दोन भिन्न गोष्टी होत. नियम लिहून ठेवता येतात, पाठ करता येतात, वाद उद्भवल्यास पुस्तक उघडून दाखविताही येतात. खेळाची भाषा मात्र कोणी कोणाला शिकवीत नाही. ती खेळता खेळता अंगवळणी पडते. नवखा खेळाडू अडखळला म्हणजे त्याला नियम ठाऊक नाहीत, असा निष्कर्ष सामान्यतः काढला जातो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याहून निराळे आहे. ज्या खेळात खेळाडूला दुसरे कोणी तरी ‘व्हावे’ लागते, त्या खेळात नवागत नियमापाशी अडत नाही. तो क्रियापदापाशी अडतो. मराठीसारख्या भाषेत ही अडचण विशेष ठळकपणे प्रकट होते. आणि तिच्यावरील उपायही मराठी भाषकांच्या खेळपरंपरेत फार पूर्वीपासून उपलब्ध आहेत.

विवेचनाच्या सोयीसाठी येथे अहिल्यानगर जिल्ह्याचा प्रदेश समोर ठेवला आहे. २०२४ पर्यंत अहमदनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात भूमिका घेऊन खेळण्याच्या तीन पायऱ्या एकत्र पाहावयास मिळतात. नेवाशाशी लोकमानसाने जोडलेला मोक्षपट ही पहिली, अकोले तालुक्याच्या डोंगराळ पट्ट्यातील बोहाडा ही दुसरी आणि संगमनेरकडील तमाशाच्या फडांतील सोंगाड्या ही तिसरी. भूमिकाखेळ म्हणून आज ओळखला जाणारा पाश्चात्त्य खेळ या तिहींहून वेगळा आहे. परंतु त्यात प्रवेश करणाऱ्या मराठी नवागताची स्थिती समजून घेण्यास या तिन्ही पायऱ्यांचा उपयोग होतो.

२

प्रथम त्या खेळाचे स्वरूप पाहू. चारसहा माणसे एका टेबलाभोवती बसतात. त्यांपैकी एक जण सूत्रधाराचे काम करतो. प्रसंग कोणता, स्थळ कोणते, समोर संकट काय, हे तो शब्दांनी उभे करतो. उरलेल्यांपैकी प्रत्येकाने एकेक पात्र घेतलेले असते. आपले पात्र आता काय करणार, हे ज्याने त्याने सांगावयाचे. कृती सहजसाध्य नसेल तर फासा टाकावयाचा, आणि पडलेल्या दानावरून यशापयश ठरवून सूत्रधाराने कथा पुढे न्यावयाची. या खेळात पट असलाच पाहिजे असे नाही, आणि रूढ अर्थाने कोणी जिंकत अथवा हरतही नाही. खेळ घडतो तो मुख्यतः बोलण्यात. फासा हे त्याचे उपकरण, तर वाक्य ही त्याची खरी चाल होय.

या प्रकाराचा उगम युद्धाच्या खेळांत सापडतो. प्रशियाच्या सैन्यातील राइसवित्स या अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावर खेळावयाच्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यात दोन पक्षांमध्ये एक निर्णायक पंच बसे; आजच्या सूत्रधाराचा तो पूर्वज म्हणता येईल. पुढे १९६९ साली अमेरिकेतील मिनिॲपोलिस परिसरात डेव्हिड वेझली यांनी ‘ब्राउनश्टाइन’ नावाच्या एका कल्पित जर्मन गावाचा खेळ मांडला आणि प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका दिली. हा पालट मूलगामी होता. पाच वर्षांनी, १९७४ साली, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ तीन पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. पहिली आवृत्ती अवघ्या १,००० प्रतींची होती. भूमिकाखेळ हा स्वतंत्र प्रकार म्हणून तेथून रूढ झाला.

३

हा खेळ एकट्याने पुस्तक वाचून शिकणे कठीण. म्हणून पाश्चात्त्य देशांत खेळसाहित्याच्या स्थानिक दुकानाला एक विशेष स्थान प्राप्त झाले. दुकानदार दुकानातच चार टेबले मांडतो, आणि ओळख नसलेली माणसे तेथे एकत्र बसून खेळतात. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या प्रकाशकसंस्थेने २०१० साली अशा दुकानांसाठी एक साप्ताहिक योजना आखली. दर बुधवारी संध्याकाळी खेळाचा एक छोटा भाग खेळावयाचा, आयती तयार पात्रे नवागताच्या हाती द्यावयाची आणि एखादा आठवडा चुकला तरी पुढच्या आठवड्यात त्याला निःसंकोच बसू द्यावयाचे, असे तिचे स्वरूप होते. २०१४ पासून तिची जागा हळूहळू एका व्यापक योजनेने घेतली. पण तत्त्व तेच राहिले. नवख्याला पूर्ण जबाबदारीविना पूर्ण सहभाग द्यावयाचा, हे ते तत्त्व.

या तत्त्वाला मराठी मुलांनी केव्हाच नाव देऊन ठेवले आहे. ते म्हणजे ‘कच्चे लिंबू’. लपंडाव असो की शिवाशिवी, धाकटे भावंड ‘मलाही घ्या’ म्हणून हटून बसले की थोरली मुले त्याला कच्चे लिंबू ठरवतात. ते धावते, लपते, ओरडते. मात्र ते पकडले गेले तरी त्याच्यावर राज्य येत नाही. खेळाची सर्व क्रिया त्याला खुली असते. फक्त तिचा परिणाम त्याला लागू होत नाही.

या शब्दाचे क्षेत्र न्याहाळण्यासारखे आहे. पचिशी-सोंगट्यांच्या खेळात फेरा पुरा करून घरी पोचलेली सोंगटी ‘पिकली’ असे म्हणतात. कच्चे लिंबू म्हणजे जे अद्याप पिकावयाचे आहे ते. अपरिपक्वता हा येथे दोष मानलेला नसून ती वाढीची एक अवस्था मानलेली आहे. याच अर्थाचा ‘लिंबूटिंबू’ हा जोडशब्दही मराठीत आहे. मराठीतील प्रतिध्वनिशब्द सामान्यतः ‘बि’काराने घडतात, जसे पाणीबिणी, पुस्तकबिस्तक. ‘लिंबूटिंबू’ त्या नियमाबाहेरचा असल्याने तो स्वतंत्र शब्द म्हणून टिकला, आणि वृत्तपत्रांच्या क्रीडापृष्ठांवर दुबळ्या क्रिकेटसंघांसाठी सर्रास वापरला जाऊ लागला. या स्थित्यंतरात एक अर्थहानीही झाली. मुलांच्या तोंडी जो शब्द संरक्षणाचा होता, तो वृत्तपत्रांत अवहेलनेचा झाला.

अन्य भाषांतही ही सोय दिसते. बंगालीत अशा मुलाला ‘दूधभात’ म्हणतात, तर इंडोनेशियात त्याचे नाव शब्दशः ‘कांद्याचे पोर’ असे आहे. तिन्ही ठिकाणी संज्ञा स्वयंपाकघरातून यावी, हा योगायोग मोठा बोलका आहे. नवागत अजून घराच्या सावलीत आहे, हेच जणू ती नावे सुचवितात. १९९१ साली जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी शिकाऊ कारागिरांच्या अभ्यासातून ‘परिघावरील वैध सहभाग’ ही संकल्पना मांडली. शिकणारा प्रथम कामाच्या कडेवर राहून, परंतु त्या समूहाचा मान्य घटक म्हणूनच, हळूहळू केंद्राकडे सरकतो, असे तिचे सार आहे. कच्चे लिंबू ही याच संकल्पनेची अंगणातील आवृत्ती होय.

४

परंतु धावण्याच्या खेळात कच्चे लिंबू होणे सोपे आहे. बोलण्याच्या खेळात ते तितके सोपे नाही. गप्प बसलेला खेळाडू भूमिकाखेळात अस्तित्वातच नसतो. म्हणून भूमिका घेण्याच्या क्रियेत भाषेचा भार क्रमाक्रमाने कसा वाढतो, हे पाहणे आवश्यक ठरते. त्यासाठी उपर्युक्त तीन पायऱ्यांकडे वळू.

पहिली पायरी मोक्षपटाची. प्रवरेच्या तीरावरील नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. मोक्षपटाचा खेळही ज्ञानेश्वरांनीच योजिला, अशी महाराष्ट्रात दृढ समजूत आहे. तिला समकालीन लेखी आधार नाही. आज उपलब्ध असलेले अशा प्रकारचे पट बहुतांशी अठराव्या शतकापासूनचे आहेत. याकोब श्मिट-मॅडसेन यांनी २०१९ साली कोपनहेगन विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात पश्चिम भारतातील या पटांचा विस्तृत अभ्यास केला आहे. जैन परंपरेत ८४ घरांचे, तर वैष्णव परंपरेत ७२ घरांचे पट प्रसिद्ध आहेत. ७२ घरांच्या पटात साध्य असलेले वैकुंठ ६८व्या घरात असते; शेवटच्या घरात नसते. ते ओलांडून जो ७२व्या घरापर्यंत जातो, त्याला तेथील साप पुन्हा खाली आणतो. या पटाचे विलायतेत रूपांतर होऊन त्यातून तत्त्वज्ञान गळाले आणि सापशिडी उरली.

येथे प्रस्तुत मुद्दा असा की, मोक्षपटात खेळाडूला भूमिका आहे, पण संवाद नाही. तो जीव होतो, जन्म घेतो, मत्सराच्या सापाने गिळला जातो, भक्तीच्या शिडीने वर चढतो. तरी त्याला काही निवडावे लागत नाही. जे होते ते कवड्यांच्या दानाने होते. नवागत आणि जाणता यांच्यात म्हणूनच काही अंतर राहत नाही. भाषेच्या दृष्टीने मात्र एक महत्त्वाची गोष्ट येथेच घडते. सोंगटी सापाच्या तोंडी गेली असता खेळणारा ‘माझी सोंगटी गेली’ असे क्वचितच म्हणतो. तो ‘मी गेलो’ किंवा ‘मी खाली आलो’ असे म्हणतो. प्रथमपुरुषी सर्वनाम देहावरून पटावर सरकते. भूमिकेचे हे बीज होय.

दुसरी पायरी बोहाड्याची. नाशिक, पालघर, ठाणे या जिल्ह्यांच्या आदिवासी पट्ट्यात आणि त्यालाच लागून असलेल्या अकोले तालुक्यात देवदेवतांचे व राक्षसांचे मुखवटे चढवून रात्री सोंगे नाचविली जातात. येथे सोंग घेणारा स्वतः वावरतो, हावभाव करतो, वाद्यांच्या तालावर पावले टाकतो. परंतु बोलण्याचा भार त्याच्यावर फारसा नसतो. मुखवटा हीच त्याची ओळख. पाहणारे ‘गणपती आला’, ‘नरसिंह आला’ असे म्हणतात. भूमिका येथे तृतीयपुरुषात सिद्ध होते: सोंग घेणाऱ्याने ‘मी अमुक आहे’ असे न सांगता गावाने ‘हा अमुक आहे’ असे मान्य केले की पुरे.

तिसरी पायरी सोंगाड्याची. गण, गवळण, बतावणी आणि वग या क्रमाने रंगणाऱ्या पारंपरिक तमाशात वगाची कथा ठरलेली असे, पण तिच्यातील संवाद लिहिलेले नसत. सोंगाड्याने ऐन वेळी बोलावयाचे, समोरच्याने तितक्याच तत्परतेने उत्तर द्यावयाचे. भूमिकाखेळाचे इतके निकटचे साधर्म्य अन्य कोणत्याही मराठी कलाप्रकारात आढळत नाही: प्रसंग ठाऊक, शब्द अज्ञात. नवख्याची सोयही या कलेत आहे. शाहिराच्या मागे झील धरणाऱ्याला फक्त ‘जी जी’ म्हणावयाचे असते. तो बोलतो, पण त्याच्या बोलण्याने कथा बिघडू शकत नाही. झीलकरी हा एका अर्थी बोलक्या खेळातील कच्चे लिंबू होय.

५

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. भूमिकाखेळात ‘मी’ कोण?

गॅरी ॲलन फाइन या समाजशास्त्रज्ञाने १९८३ च्या आपल्या ग्रंथात भूमिकाखेळ खेळणाऱ्यांचे निरीक्षण करून तीन चौकटी दाखविल्या आहेत. पहिली व्यक्तीची, दुसरी खेळाडूची आणि तिसरी पात्राची. ‘मला भूक लागली, चहा मागवा’ हे व्यक्तीचे वाक्य. ‘मला सहाचे दान हवे’ हे खेळाडूचे. ‘मी सुलतानाला शरण जाणार नाही’ हे पात्राचे. सर्वनाम तेच, संदर्भ तीन. ग्रेगरी बेटसन यांनी १९५५ साली दाखवून दिले होते की, खेळताना ‘हा खेळ आहे’ असा एक अध्याहृत संदेश सतत दिला जात असतो. मराठी मुले तो उघडपणे देतात. भातुकलीत ‘मी आई झाले हं, तू बाळ हो’ असे वाक्य उच्चारले जाते तेव्हा ‘झाले’ हा भूतकाळ घडलेल्या गोष्टीचे निवेदन करीत नाही; तो ती गोष्ट घडवितो. जॉन ऑस्टिन यांच्या परिभाषेत ही उक्ती म्हणजेच कृती होय. त्यामागोमाग येणारे ‘हं’ हे अव्यय समोरच्याची संमती मागते. इटालियन आणि फ्रेंच मुले अशाच प्रसंगी अपूर्ण भूतकाळ वापरतात, हे भाषाभ्यासकांनी नोंदविलेले आहे. वास्तवापासून अंतर दाखविण्यासाठी भूतकाळाचा असा उपयोग अनेक भाषांत होतो.

इंग्रजी बोलणाऱ्या नवागताला एक आडोसा मिळतो. ‘मी दार उघडतो’ या अर्थाचे त्याचे वाक्य कर्त्याचे लिंग सांगत नाही. बोलणारा पुरुष, पात्र स्त्री असले तरी वाक्य जसेच्या तसे राहते. मराठीत हा आडोसा नाही. ‘मी दार उघडतो’ की ‘मी दार उघडते’? ‘मी पळालो’ की ‘मी पळाले’? महाविद्यालयीन वयाच्या मुलाने राणीचे पात्र घेतले असेल, तर पहिल्याच वाक्यात त्याला चारचौघांदेखत निवड करावी लागते. ‘पळाले’ म्हटले तर तो पात्राच्या चौकटीत पूर्णपणे शिरला. ‘पळालो’ म्हटले तर तो बाहेरच उभा राहिला. अर्धवट शिरण्याची मुभा व्याकरण देत नाही. नवागताचा संकोच हा येथे स्वभावाचा दोष नाही. तो प्रत्ययाने निर्माण केलेला प्रसंग आहे.

तथापि मराठी व्याकरणाने एक दार बंद करताना दुसरी तीन उघडी ठेवली आहेत. सकर्मक क्रियापदांच्या भूतकाळात क्रियापद कर्त्याप्रमाणे न बदलता कर्माप्रमाणे बदलते. ‘मी दार उघडले’, ‘मी तलवार उपसली’, ‘मी घोडा सोडला’ या वाक्यांतून बोलणाऱ्याचे लिंग कळत नाही. हे पहिले दार. भविष्यकाळाचे प्रथमपुरुषी रूप लिंगनिरपेक्ष आहे: ‘मी उघडेन’, ‘मी जाईन’. हे दुसरे. आणि ‘मी दार उघडू का?’, ‘मी आत जाऊ का?’ अशी पृच्छारूपे हे तिसरे. नवख्याला सोयीची रूपे हीच ठरावीत, यात नवल नाही. ‘उघडू का?’ या रूपात लिंगही झाकले जाते आणि सूत्रधाराची अनुमतीही मागितली जाते. संकोचाची दोन्ही कारणे एकाच प्रत्ययाने निवारली जातात.

इंग्रजीमिश्रित मराठीचे एक कोडेही यावरून उलगडते. आजच्या तरुण खेळाडूंच्या तोंडी ‘अटॅक करणे’, ‘जंप मारणे’ अशी संयुक्त क्रियापदे सहज येतात. इंग्रजी शब्दांचे आकर्षण हे त्याचे एक कारण खरेच. परंतु करणे, मारणे, घेणे ही सारी सकर्मक क्रियापदे असल्यामुळे ‘मी अटॅक केला’, ‘मी जंप मारली’ या रूपांत बोलणारा लिंगनिर्देशातून सुटतो, ही गोष्टही दृष्टीआड करता येत नाही. यासाठी इंग्रजीचीच गरज आहे असे मात्र नाही. ‘मी पळाले’ याऐवजी ‘मी धूम ठोकली’, ‘मी लपले’ याऐवजी ‘मी दडी मारली’, ‘मी वळले’ याऐवजी ‘मी पाठ फिरविली’ असे म्हणता येते. शुद्ध मराठी वाक्प्रचारांचा हा साठा नवागताला उपयुक्त असा तात्पुरता मुखवटाच होय.

हा मुखवटा पुढे गळून पडला पाहिजे, हेही खरे. बालगंधर्वांनी रंगभूमीवर स्त्रीभूमिका केल्या आणि संगमनेर ही ज्यांची कर्मभूमी झाली त्या कांताबाई सातारकर (मृत्यू २०२१) यांनी तमाशात पुरुषभूमिका गाजविल्या. ‘मी आले’ म्हणणारा पुरुष किंवा ‘मी आलो’ म्हणणारी स्त्री प्रेक्षकांनी निःशंकपणे स्वीकारली, कारण तेथे प्रत्यय व्यक्तीचा न राहता सोंगाचा झाला होता. मराठीत सोंग ‘घेतले’ जाते, ‘आणले’ जाते आणि साधले तर ‘वठते’. सोंग वठले की नाही याची व्याकरणातील खूण हा अकर्मक क्रियापदाचा प्रत्ययच म्हणावा लागेल.

६

नवागताच्या प्रवेशाची दुसरी खूण अनेकवचनात सापडते. इंग्रजीत प्रथमपुरुषी अनेकवचनाला एकच सर्वनाम आहे. मराठीत दोन आहेत: ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’. भूमिकाखेळात हा भेद फार नेमके काम करतो. सूत्रधाराला उद्देशून खेळाडू म्हणतात, ‘आम्ही गुहेत शिरतो’. कारण सूत्रधार गुहेत शिरणाऱ्यांपैकी नव्हे. तेच खेळाडू परस्परांना म्हणतात, ‘आपण गुहेत शिरू या’. कोण कथेच्या आत आहे आणि कोण बाहेर, हे स्पष्टीकरणावाचून सर्वनामच सांगते.

सूत्रधाराच्या बाजूने पाहता ‘तुम्ही’ हे रूप सोयीचे पडते. अपरिचितांना आदरार्थी संबोधण्यासाठी ते योग्यच. शिवाय ते एकाला आणि सर्वांना सारखेच लागू होते. ‘तुम्ही गुहेत शिरलात, आत अंधार आहे’ या वाक्यात एकट्यादुकट्याची वेगळी गणना नाही आणि लिंगनिर्देशही नाही. गप्प बसलेला नवागत अशा वाक्यात आपोआप सामावला जातो. उलट ‘तू शिरलास’ किंवा ‘तू शिरलीस’ असे म्हणताच त्याला एकटे पाडल्यासारखे होते. सूत्रधाराने प्रारंभी ‘तुम्ही’ वापरावे आणि सलगी वाढल्यावर पात्राला ‘तू’ म्हणावे, हा क्रम मराठी शिष्टाचारालाही धरून आहे.

नवागताचे बोलणे प्रारंभी ‘तुम्ही काय करताय?’ असे असते. पुढे ते ‘मी काय करू?’ असे होते. ज्या क्षणी तो आपणहून ‘आता आपण काय करायचे?’ असे विचारतो, त्या क्षणी तो कच्चे लिंबू राहिलेला नसतो.

मराठी खेळभाषेतील ‘राज्य’ हा शब्दही येथे उद्बोधक आहे. ज्याच्यावर राज्य येते त्याला सत्ता मिळत नाही. इतरांना खेळता यावे म्हणून त्याला राबावे लागते, डोळे झाकून आकडे मोजावे लागतात. भूमिकाखेळातील सूत्रधाराची स्थिती हीच आहे. इंग्रजी नाव त्याला स्वामी ठरविते. मराठी संज्ञा त्याच्यावर राज्य आल्याचे सांगते. दुसरे वर्णन अधिक यथार्थ आहे. खेळाचा भार ज्याच्यावर, त्याने नवख्याला सांभाळून घ्यावे, ही अपेक्षा त्या शब्दातच अंतर्भूत आहे.

७

या विवेचनाचे महत्त्व केवळ खेळापुरते नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात सापशिडी, ल्युडो, नवा व्यापार, बुद्धिबळ हे खेळ वर्षानुवर्षे विकले जात आहेत. ते खेळण्यास तोंडी भाषा जवळजवळ लागत नाही. भूमिकाखेळाची गोष्ट निराळी. त्याची नियमपुस्तके मुख्यतः इंग्रजीत आहेत, त्याची परिभाषा इंग्रजी आहे आणि पुण्यामुंबईच्या ज्या बैठकांत तो खेळला जातो, तेथील व्यवहारावरही इंग्रजीची छाप आहे. शेवगाव किंवा पाथर्डीसारख्या तालुक्यातून, मराठी माध्यमात शिकून आलेला विद्यार्थी अशा बैठकीत बसला असता त्याच्यावर दोन भार एकाच वेळी पडतात. एक नव्या खेळाचा, दुसरा परभाषेतून उत्स्फूर्त बोलण्याचा. तो गप्प राहतो. मग त्याला कल्पनाशक्ती नाही, असा ग्रह होतो. सोंगाड्याच्या हजरजबाबी परंपरेत वाढलेल्या प्रदेशातील मुलाविषयी असा ग्रह व्हावा, हे विपरीत आहे. त्याच्यापाशी नाही ती कल्पना नव्हे. नाही ती फक्त त्या बैठकीची भाषा.

हीच चूक वर्गातही होऊ शकते. भाषाशिक्षणात भूमिका देऊन संवाद करविण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. तेथेही मौनाचा अर्थ अज्ञान असा लावला जातो. वस्तुतः प्रथम झील धरू द्यावी, मग ‘करू का?’ असे विचारू द्यावे, मग ‘मी तलवार उपसली’ असे म्हणू द्यावे आणि अखेरीस ‘मी पळाले’ असे निःसंकोच म्हणण्याइतके सोंग वठू द्यावे, असा क्रम ठेवल्यास बहुतेकांचे तोंड उघडेल. मोक्षपटापासून बोहाड्यापर्यंत आणि बोहाड्यापासून वगापर्यंत भाषेचा भार ज्या क्रमाने वाढतो, त्याच क्रमाने तो नवागतावर टाकावा, एवढेच याचे तात्पर्य.

परिभाषेच्या बाबतीतही नवे शब्द घडविण्याची फारशी आवश्यकता नाही. डाव, दान, भिडू, घर, राज्य, सोंग आणि सूत्रधार हे शब्द प्रचारात आहेत आणि त्यांच्याभोवती वापराचे संकेतही आहेत. इंग्रजी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द योजून जे साधणार नाही, ते या घरगुती शब्दांनी साधेल. कारण ते शब्द मराठी माणसाने प्रथम खेळताना ऐकलेले असतात, पुस्तकात वाचलेले नसतात.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या विषयात क्षेत्रीय कामास मोठा वाव आहे. एखाद्या बैठकीतील संभाषण संमतीने ध्वनिमुद्रित करून त्यातील प्रथमपुरुषी क्रियारूपांची गणना करावी. नवागताच्या पहिल्या आणि पाचव्या बैठकीतील लिंगदर्शक रूपांचे प्रमाण ताडून पाहावे. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचा विनियोग नोंदवावा. त्याचप्रमाणे अकोले, संगमनेर, नेवासे येथील मुलांच्या खेळांतील शब्द, विशेषतः कच्च्या खेळाडूची स्थानिक नावे, गावोगाव फिरून जमवावीत. मैदानी खेळांची जागा पडद्याने घेतल्यावर हे शब्द प्रथम मुलांच्या तोंडून जातील आणि मागाहून मोठ्यांच्या स्मरणातून. शब्द गेला की त्यामागील सोयही जाते. नवख्याला खेळात घ्यावे, पण त्याच्यावर राज्य आणू नये, हा समजूतदारपणा ज्या दोन शब्दांत साठविला आहे, त्यांची नोंद वेळीच झाली पाहिजे.